मूळ नकाशाप्रमाणे

नीळकंठ पाचपोर मूळचे आर्वीचे. अडुसष्ट साली ते भोपाळला आले, पिपलानीच्या मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि एकोणतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. माणूस अबोल. बोलायचं असलं की आधी घसा खाकरायचे, आणि तेवढ्यात समोरच्याने दुसरंच काही काढलं तर आपलं बोलणं गिळून टाकायचे. पण हातात काम दिलं की गडी वेगळाच. ड्रॉइंग समोर ठेवलं की त्यात आहे तसं, तेवढंच आणि तिथंच बसवून देणार. त्यांनी जोडलेला भाग इन्स्पेक्शनमधून परत आला, असं सहसा झालं नाही.

निवृत्तीनंतरही ते क्वार्टरमध्येच राहिले. मुलगी कांचन लग्न होऊन इंदूरला होती, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या फ्लॅटमध्ये. स्वतःचं घर बांधायचं राहूनच गेलं होतं. टाउनशिपमध्ये भराभर क्वार्टर रिकामी होत होती, त्यामुळे निवृत्तांना वर्षावर्षाच्या परवान्यावर राहू देत. पाचपोरांच्या रांगेत आठ क्वार्टर होती, त्यांतली तीन बंद. बंद क्वार्टरांच्या अंगणात गाजरगवत माजलं होतं आणि खिडक्यांच्या चौकटी कुणीतरी काढून नेल्या होत्या.

त्यांच्या बायकोला, कमलिनीबाईंना, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी संधिवात झाला. आधी बोटं आखडली, मग मनगटं, मग गुडघे. बाई मोठी तडफदार. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला दीडशे बायकांची व्यवस्था एकटी पाहायची आणि कुणी मधे बोललं तर म्हणायची, "तू बस गं, तुझ्याने सांडेल." अशा बाईला पेला दोन्ही हातांनी धरावा लागे. पण दुखण्यापेक्षा तिला एका गोष्टीची जास्त चीड होती. बाथरूमला जाताना कुणीतरी धरायला लागायचं.

"मी काय तान्हं मूल आहे?" ती एकदा नीळकंठरावांवर ओरडली होती. "तुम्ही दाराबाहेर उभे असता तर मला होतसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी नीळकंठरावांनी सोनागिरीच्या बाजारात जाऊन जीआयच्या लोखंडी पाइपचे तुकडे कापून आणले. कमलिनीबाईंना पलंगाजवळ उभं केलं आणि म्हणाले, "हात जिथे कमी दुखतो तिथे ठेव." तिने भिंतीवर हात ठेवला. त्यांनी खडूने खूण केली. असं एकेक पाऊल पुढे जात, एकेक खूण करत ते बाथरूमपर्यंत गेले. तिची मूठ वळत नव्हती, म्हणून पाइप धरायचा नव्हता, त्यावर कोपरापासून हात टेकवून सरकायचं होतं. त्यासाठी पाइप भिंतीपासून किती पुढे यायला हवा, हे त्यांनी चार वेळा खोलून, चार वेळा बसवून ठरवलं. वरून सुती पट्टी गुंडाळली. संडासावर लोखंडी चौकट करून उंच बैठक बसवली. पुढच्या काही वर्षांत स्वयंपाकाचा ओटा तोडून दोन फुटांवर आणला, म्हणजे बसून पोळ्या लाटता येतील. आतली खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत फोडून वाट केली, म्हणजे व्हरांड्यातून वळसा नको. या सगळ्याला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत कमलिनीबाई हळूहळू का होईना, एकट्या बाथरूमला जात होत्या, आणि दार आतून लावत होत्या.

एवढं सगळं असताना घराचं छत मात्र कामातून गेलं होतं. गिलाव्याचे पोपडे सुटून आतल्या गंजक्या सळया दिसत होत्या. डिसेंबरात एका दुपारी वीतभर ढलपा कमलिनीबाईंच्या उशीशेजारी येऊन पडला. ती तेव्हा पलंगावर नव्हती, म्हणून वाचली.

जानेवारीत टाउनशिपच्या ऑफिसातून कागद आला. जुन्या क्वार्टरांचं नूतनीकरण होणार होतं. छत नवीन, फरशी नवीन, वायरिंग नवीन. त्याआधी बारा फेब्रुवारीला इंजिनियर येऊन प्रत्येक घर तपासणार होते. खाली एक ओळ होती: मूळ नकाशात नसलेला कोणताही फेरबदल आढळल्यास ते क्वार्टर यादीतून वगळलं जाईल आणि परवाना रद्द होईल.

नीळकंठरावांनी ती ओळ तीनदा वाचली. मग गजाननरावांना फोन केला.

गजानन देऊळकर हे त्यांचे पस्तीस वर्षांचे स्नेही. टाउनशिपच्याच ऑफिसात हेडक्लार्क होते, आता जवळच अवधपुरीत स्वतःचं घर बांधून राहत होते. ते त्याच संध्याकाळी स्कूटर घेऊन आले, चष्मा लावून कागद वाचला आणि घरभर नजर फिरवली.

"नीळकंठराव, हे सगळं काढावं लागेल."

"सगळं?"

"कोणताही फेरबदल, असं लिहिलंय. मी त्या ऑफिसात आयुष्य काढलं. 'कोणताही' म्हणजे कोणताही. पाइप, ओटा, ही फोडलेली भिंत. एकदा परवाना गेला की मग दरवाजे ठोठावत बसा."

"आणि हिचं काय?"

"आठ दिवसांचा प्रश्न आहे हो. ते बघून जातील, नाव यादीत येईल, छत होईल. मग परत लावा की! तुमच्या हातचंच काम आहे." मग जरा ओशाळून ते कमलिनीबाईंकडे वळले. "वहिनी, आठ दिवस काढाल ना?"



नीळकंठराव एवढ्यावर तयार झाले नाहीत. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आणि ऑफिसात गेले. तिथे एक तरुण अधिकारी होता, वागायला सभ्य. त्याने खुर्ची दिली, अर्ज पूर्ण वाचला.

"पाचपोरजी, मैं समझ रहा हूँ," तो म्हणाला. "लेकिन देखिए, फॉर्म में हाँ या ना ही लिखना है. बीमारी का कॉलम नहीं है. आप छोड़ जाइए, मैं ऊपर भेज देता हूँ."

"जवाब कब तक आएगा?"

"वो मैं कैसे कहूँ?"

नीळकंठरावांनी घसा खाकरला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ते थोडा वेळ बसले आणि मग उठून आले. त्या अर्जाचं उत्तर कधीच आलं नाही.

शेवटी निर्णय कमलिनीबाईंनी घेतला. फेब्रुवारीची तीन तारीख होती. सकाळी चहा पिताना ती छताकडे पाहत म्हणाली, "काढून टाका."

"उत्तराची वाट बघू अजून दोन दिवस."

"उत्तर येणार नाही, तुम्हालाही माहीत आहे. हे घर गेलं तर मी कांचनकडे तीन जिने चढणार आहे का? काढा. आठ दिवसांनी काही मी मरत नाही."

त्यांनी स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. ओटा फोडला, मूळच्या उंचीवर नवीन बांधला. फोडलेल्या भिंतीत विटा भरल्या. गवंड्याला बोलावलं असतं तर चार लोकांत झालं असतं, म्हणून सदुसष्टाव्या वर्षी स्वतःच थापी हातात घेतली. मग पाइप. एकेक स्क्रू सैल करायचा, पाइप उतरवायचा, भोकात सिमेंट भरायचं, घासायचं, वर चुना. शेजारच्या मीनाताई मधे मधे येऊन कमलिनीबाईंजवळ बसत. त्यांनी एकदा पदराने डोळे टिपले तर कमलिनीबाईंनी त्यांना झापलं, "घरात रंगकाम चाललंय, मयत नाही झालेली."

एकच पाइप राहिला, संडासाशेजारचा, हातभर लांबीचा. तो काढायला गेलं तर जुनी टाइल फुटत होती आणि तशी टाइल आता कुठे मिळाली नसती. नीळकंठरावांनी त्यावर पंचा वाळत घातला आणि तसाच ठेवला. लोखंडी बैठक मात्र काढून मीनाताईंच्या गच्चीवर नेऊन ठेवली.

अकरा तारखेला घर मूळ नकाशाप्रमाणे झालं. नीळकंठराव मधे उभे राहिले आणि भिंती पाहिल्या. कुठेही खूण नव्हती. काम चोख झालं होतं.

बारा तारखेला कुणी आलं नाही. तेराला ऑफिसात विचारलं तर कळलं, साहेब दिल्लीला गेलेत, नवी तारीख कळवू. नवी तारीख चोवीस आली. चोवीसला ते घरातून हलले नाहीत. दुपारी दोन वाजता बातमी आली की टीम दुसऱ्या सेक्टरमध्ये गेली. "अब किसी भी दिन आ सकते हैं," खिडकीतला माणूस म्हणाला. "घर पे रहिए."

कोणत्याही दिवशी म्हटल्यावर पाइप परत लावायचा कसा? त्यांनी एकदा दोन पाइप बाहेर काढलेही. गजाननराव फोनवर म्हणाले, "इतके दिवस काढलेत, आता घाई करू नका. नेमके उद्या आले तर?" पाइप परत पलंगाखाली गेले.

आता बाथरूमला नेणं नीळकंठरावांकडेच आलं. ते तिला काखेत धरून उठवत, अर्धवट उचलून नेत. त्यांच्या कंबरेत चमक भरे, पण ते दाखवत नसत. बसायचं खाली, उकिडवं, आणि तिचे गुडघे तर वाकत नव्हते. मग प्लास्टिकचं एक स्टूल, त्याखाली भांडं. दार उघडं ठेवावं लागे, कारण तिला एकटीला तोल सांभाळता येत नव्हता. कमलिनीबाई तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसत. पूर्वीसारख्या ओरडत नसत. नीळकंठरावांना त्या न ओरडण्याचीच भीती वाटू लागली.

तिने पाणी कमी केलंय, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच. चहाही अर्धा.

"पाणी का पीत नाहीस?"

"तहान नाही."

"अगं, मार्च लागलाय."

"प्यायलं की जावं लागतं," ती म्हणाली. "दिवसातून दोनदा पुरे. तुमची कंबर पण बघते मी."

त्यांनी समजावलं, रागावले, पेला तोंडाशी धरला. ती दोन घोट घेई आणि मान फिरवी. ते त्या दिवशी हातोडी घेऊन बसलेही होते. आता आले तर आले, दोन पाइप तरी लावतो, म्हणून. पण समोर ती ओळ होती. आयुष्यभर कागदावर लिहिलंय तसंच केलेला माणूस. हातोडी त्यांनी परत पेटीत ठेवली.

सतरा मार्चला कमलिनीबाईंना थंडी वाजून ताप आला. अठराला त्या असंबद्ध बोलू लागल्या, कांचनला हाक मारून चकल्या गार झाल्या का विचारू लागल्या. मीनाताईंच्या मुलाने गाडी आणली आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. लघवीतून जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. डॉक्टरीण बाई म्हणाली, "पानी बिल्कुल नहीं पीती थीं क्या?" नीळकंठरावांनी खाली पाहून मान हलवली.

कांचन रजा टाकून इंदूरहून आली. पाच दिवसांनी ताप उतरला. सहाव्या दिवशी सकाळी मीनाताईंचा हॉस्पिटलमध्ये फोन आला. तपासणीची टीम त्यांच्याच रांगेत शिरली होती.

"जा बाबा तुम्ही," कांचन म्हणाली. "मी आहे इथे."

नीळकंठराव सिटी बसने पिपलानीला आले, चौकापासून जवळजवळ धावतच घरी पोहोचले आणि कुलूप काढलं. दहा मिनिटांत टीम दारात आली. एक इंजिनियर, चाळिशीचा, सोबत दोन माणसं, एकाच्या हातात लांब काठी. काठीवाल्याने छत ठोकून पाहिलं. सगळीकडे पोकळ आवाज. दुसऱ्याने फीत लावून खोल्या मोजल्या.

"घर में कौन-कौन हैं?"

"मैं और मेरी पत्नी."

"कहाँ हैं वो?"

"अस्पताल में."

इंजिनियरने 'दो' असं लिहिलं. मग तो बाथरूममध्ये डोकावला आणि भिंतीवरचा पंचा बाजूला केला.

"ये पाइप किसलिए?"

"पत्नी के लिए, साहब. उठते वक्त सहारा लगता है. निकाल दूँगा, आज ही निकाल दूँगा."

"अरे, निकालेंगे क्यों?" इंजिनियर हसला. "ऐसा तो लगाना ही चाहिए इस उमर में. दो-चार पाइप से हमें क्या करना है? हम तो ये देखते हैं कि किसने कमरा बढ़ा लिया, किसने बाहर दुकान निकाल ली."

नीळकंठरावांनी घसा खाकरला. मग विचारलं, "और अंदर कोई दरवाज़ा निकाला हो? ओटा नीचे किया हो?"

"वो सब तो रिपेयर में हम खुद ही बना देते हैं, बोल दो तो." तो फॉर्मवर सही करत होता. "आपका घर बढ़िया है, अंकल. लगता ही नहीं कि चालीस साल पुराना है."

सगळं मिळून बारा मिनिटं लागली. ते गेल्यावर नीळकंठराव नव्या ओट्यापाशी उभे राहिले. किती वेळ, ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. मीनाताई चहा घेऊन आल्या तेव्हा ते तिथेच होते, आणि त्यांनी आधी मीनाताईंना ओळखलंच नाही.

हॉस्पिटलमध्ये कमलिनीबाईंनी डोळे उघडून विचारलं, "झालं?"

"झालं."

"काही बोलले?"

"काही नाही. घर चांगलं ठेवलंय म्हणाले."

"म्हणजे बरं झालं, काढून टाकलं ते," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

यादीत नाव आलं. मे महिन्यात छत नवीन झालं, जूनमध्ये फरशी. रांगेतल्या लोकांनी येऊन घर पाहिलं. गजाननराव पेढे घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "बघा, सांगितलं होतं की नाही?" नीळकंठरावांनी त्यांना खुर्ची दिली. त्या माणसाच्या तोंडावर इतका निर्मळ आनंद होता की खरं सांगवेना. "तुमच्यामुळेच झालं," ते म्हणाले, आणि पेढा खाल्ला.

त्यांनी सगळे पाइप परत लावले. पण कमलिनीबाई हॉस्पिटलातून आल्या त्या पलंगावरच. दोन-अडीच महिने न चालल्याने गुडघे होते तिथेच धरले होते. जुलैमध्ये एकदा नीळकंठराव आणि मीनाताईंनी मिळून त्यांना उभं केलं, हात पाइपवर ठेवला. हात टेकला, पण पाय पुढे पडेना. अर्ध्या मिनिटात त्यांना दरदरून घाम फुटला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

त्यानंतर त्या एक वर्ष आणि चार महिने होत्या. सगळं पलंगावरच. नीळकंठराव करत, आणि त्या करू देत. पूर्वी पोळी जाड झाली तर मोलकरणीला ऐकवणारी बाई आता समोर येईल ते खात असे. मराठी मंडळाच्या बायका भेटायला येत, हळूहळू तेही कमी झालं. शेवटच्या दिवसांत त्या दिवसच्या दिवस एक शब्द बोलत नसत. नोव्हेंबरात एका सकाळी नीळकंठराव अंग पुसायला गरम पाणी घेऊन आले, तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

तेराव्याला कांचन आणि ते मागच्या पायरीवर बसले होते. तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. इंजिनियर काय म्हणाला, तो कसा हसला, सगळं. पावणेदोन वर्षांत ते पहिल्यांदा एवढं सलग बोलले.

"आईला माहीत होतं?" कांचनने विचारलं.

"नाही. तिला वाटत होतं, तिने काढलेल्या त्या दिवसांमुळे घर वाचलं. ते तरी कसं काढून घेऊ?"

"बाबा, कागदावर लिहिलंच होतं तसं. तुम्ही काय करणार होता?"

"त्याच इंजिनियरला गाठून विचारलं असतं. तीन आठवडे हातात होते. मी खिडकीवर विचारलं, त्या पोरगेल्या साहेबाला विचारलं, गजाननला विचारलं. जो बघायला येणार होता, त्याला नाही विचारलं. सुचलंच नाही गं. लिहिलंय म्हणजे तसं करायचं, एवढंच येत होतं मला."

कांचन त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली. आतून मीनाताईंनी पानं वाढल्याचं सांगितलं, भटजी खोळंबले होते, म्हणून दोघं उठून आत गेले.